ट पासून सुरू होणारा विषय

विषयांची यादी मंगळवारी दुपारी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. मी घरी एकटीच जेवत होते. यादी मी मनात वाचली नाही. ताट बाजूला सारलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात एकेक विषय तोंडाने म्हणून पाहिला.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. क्वांटम फिजिक्सच्या मॅडमनी वर्गातल्या सोळा जणांना सोळा विषय दिले होते. प्रत्येकाने एक निवडायचा आणि पुढच्या सोमवारी वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. जो विषय हवा त्याच्यासमोर आपला रोल नंबर टाकायचा, आधी टाकेल त्याला तो मिळणार. बाकीची मुलं कुठला विषय सोपा, कशावर व्हिडिओ मिळतील, हे बघत होती. मी बघत होते कुठल्या विषयाचं पहिलं अक्षर माझ्या तोंडातून बाहेर पडेल.

मी अडकते. लोक तोतरं बोलणं म्हणतात तसं नाही, अक्षर चार-चारदा येत नाही. आवाजच बंद होतो. शब्द मला माहीत असतो, जीभ जागेवर जाऊन बसलेली असते आणि गळ्यात कोणीतरी नळ पिळून बंद करावा तसं होतं. समोरच्याला वाटतं मी विचार करतेय. क, ट, ड, त, प, ब ही माझी वाईट अक्षरं. स, म, न, ह बरी. म्हणून मी अर्धं आयुष्य शब्द बदलत काढलं होतं. पाणी हवं असलं तर "जरा ती बाटली दे", ताई म्हणायचं टाळायला "अगं". आमच्या बिल्डिंगचं नाव 'क'वरून, म्हणून रिक्षावाल्याला "नवघर, स्कूल के पास" सांगायचं आणि शाळेपासून घरापर्यंत चालत यायचं. सामान असलं तरी. शाळेत हजेरीला "प्रेझेंट" म्हणायचं असायचं तेव्हा मी हात वर करायचे, आणि बाई वर न बघता पुढचं नाव घ्यायच्या तर माझी गैरहजेरी लागायची.

फक्त विहारात मी कधी अडकले नाही. लहानपणी रविवारी आम्ही सगळी मुलं रांगेत बसून वंदना म्हणायचो, आणि सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला की तो वाहत जायचा, कुठेही थांबायचा नाही. आई म्हणायची, बघ, येतं की तुला. तिला कसं सांगणार की जगात सगळीकडे माझ्याबरोबर चाळीस जण तेच वाक्य म्हणत नसतात.

तर नळाशी उभी राहून मी यादी म्हणत होते. ब्लॅकबॉडी रेडिएशन, नाही. डबल स्लिट, नाही. पार्टिकल इन अ बॉक्स, यात तर दोन्ही टोकांना खड्डे. एन्टँगलमेंट सुरू होत होतं पण मध्येच 'टँ'वर आपटत होतं. क्वांटम कॉम्प्युटरकडे मी बघितलंही नाही. अकराव्या नंबरवर होतं टनेलिंग.

टनेलिंग मला येत होतं. येत होतं म्हणजे अगदी आतून. एका कणाकडे भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नाही, तरी तो कधीकधी भिंतीपलीकडे सापडतो, हे मॅडमनी शिकवलं तेव्हा सगळ्यांना जादू वाटली होती. मला गंमत वाटली ती पुढच्या गणिताची. लाट भिंतीत शिरते, आत उतरत जाते पण शून्य होत नाही, आणि भिंत दुप्पट जाड केली तर पलीकडे सापडायची शक्यता नुसती अर्धी होत नाही, जवळजवळ नाहीशीच होते. ते गणित मी दोन दिवस घेऊन बसले होते आणि सुटलं तेव्हा एकटीच हसले होते. माझ्या नोट्सचे फोटो सगळ्या वर्गात फिरले होते. पुढे मला एकाने म्हटलं की भिंतीतून पलीकडे जाणं हे तुझ्या बोलण्यासारखंच आहे. मला ती तुलना मुळीच आवडली नाही. मला टनेलिंग आवडलं होतं ते गणित सुटलं म्हणून.

नळ वाहत होता. मी "टनेलिंग" म्हणायला तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली. बाथरूममध्ये एकटी असतानाही. मी आरशात माझी मान ताणलेली बघितली, शीर फुगलेली बघितली. पुढच्या सोमवारी हा चेहरा पंधरा जण बघणार होते.

सहाव्या नंबरवर स्पिन होतं. 'स'ने श्वास सुटायचा आणि त्याच श्वासावर 'प' निघून जायचा. स्पिन, स्पिन, स्पिन. तीनदा म्हटलं, तीनदा आलं. मी ओल्या हाताने फोन उचलला आणि स्पिनसमोर माझा रोल नंबर टाकला. वर्गात पहिली मीच होते.

स्पिन मला अजिबात कळलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉन गिरकी घेत नाही, तरी त्याला गिरकीचं नाव, आणि कुठल्याही बाजूने मोजला तरी उत्तर दोनच. पुस्तकात तो धडा मी पेन्सिलने खुणा करून सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती. ती गावाबाहेरच्या डोंगरीची. रोज बसने यायची, घरच्या वाडीतली भाजी कधीकधी मॅडमना आणून द्यायची, आणि घरी बोलते तसंच वर्गातही बोलायची. कोणी हसलं तर ती त्यांच्याहून मोठ्याने हसायची. मला तिचा हेवा वाटायचा.

"तू स्पिन का घेतलंस?" तिने विचारलं. "तुला तर टनेलिंग येतंय. मी तुझ्याच नोट्स वाचून पास झाले."

"असंच," मी म्हणाले.

"माझा मामा एमआरआय सेंटरात हाय. मशीन स्पिनवरच चालतंय म्हणतो. त्याने मला सगलं समजावलं होतं, फोटो पण दिले. मी रात्री नंबर टाकायला गेले तर तुझा टाकलेला. आता मला टनेलिंगच उरलंय. बदलूया का?"

मी मान हलवली. "नको. मला स्पिन आवडतं."

तिने वही उघडली. मी खोटं बोलले होते आणि ते खोटं एकदाही न अडकता बाहेर आलं होतं, याचंच मला आश्चर्य वाटत राहिलं.

गुरुवारी मॅडमनी वर्गात सूचना दिल्या. प्रत्येकाच्या पाच स्लाइड. पाच मिनिटांनी घंटी. मग चष्मा काढून पुसत त्या म्हणाल्या, "आणि सुरुवात नीट करायची. आधी आपलं पूर्ण नाव, रोल नंबर, मग विषय. 'गुड मॉर्निंग' म्हणून थेट स्लाइडवर उडी मारायची नाही."

माझं नाव मी इथे लिहीत नाही. इतकंच सांगते, ते माझ्या सगळ्या वाईट अक्षरांतल्या सगळ्यात वाईट अक्षराने सुरू होतं. बाकी प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द सापडतो. नावाला नाही. मी विषय शोधत बसले होते, आणि विषयाच्या आधी नाव येणार होतं. स्पिन घेऊन काहीच टळलं नव्हतं. उलट जे येत होतं ते दुसरीला देऊन बसले होते.

त्या दिवसापासून भीती अंगातच राहायला आली. सकाळी जाग आली की पहिले दोन-तीन श्वास बरे जायचे आणि मग आठवायचं. ताटात जेवण उरायला लागलं. आईने विचारलं, मी म्हटलं अभ्यास आहे. शुक्रवारी रेल्वेखालच्या सबवेतून पलीकडे जाताना मी भिंतीला हात लावून चालले. मागून एक बाई म्हणाली, "बेटा, तबियत ठीक नहीं है क्या?" आणि तिथेच मला सुचलं. तब्येत.

शनिवारी संध्याकाळी मी आमच्या नवघरच्या डॉक्टरांकडे गेले. ते मला लहानपणापासून ओळखतात. आजवर त्यांच्याकडे मी कधी एकटी गेले नव्हते. नेहमी पप्पा बरोबर असायचे आणि डॉक्टरांनी मला विचारलं की पप्पा उत्तर द्यायचे. मी वाक्य निवडून ठेवलं होतं, 'अंग दुखतंय'. 'अ' माझं चांगलं अक्षर. रांगेत बसून वीसेक वेळा मनात म्हटलं.

"बोल, काय होतंय?" डॉक्टर म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि 'अ' अडला. जो कधी अडला नव्हता तो. डॉक्टरांनी पेन हातात धरलं होतं. घड्याळाची टिकटिक, बाहेर एका बाळाचं रडणं, आणि माझा गळा बंद. ते थांबले. मग त्यांनी ड्रॉवरमधून थर्मामीटर काढलं, लावलं, बघितलं आणि पुसून परत ठेवलं.

"परीक्षा आहे का?"

मी मान हलवली.

"सर्टिफिकेट पाहिजे?"

मी परत मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी टेबलावरच्या औषधाच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"दोन दिवसांनी ते घेणार नाहीत का परत?"

"घेतील," मी म्हणाले. हे खरं होतं. जे गैरहजर राहतील त्यांचं प्रेझेंटेशन नंतर होणार होतं.

"मग?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. ते मला ओरडलेही नाहीत आणि समजावतही बसले नाहीत. व्हायरल फीवर, दोन दिवस विश्रांती, असं लिहून कागद फाडून दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रात्री जेवताना मला डोंगरीच्या मुलीचा चेहरा आठवत राहिला. मी येणारच नसेन तर स्पिन माझ्या नावावर फुकट पडून राहणार, आणि ती बिचारी न येणारा विषय घेऊन उभी राहणार. निदान तिचा विषय तिला परत द्यावा. फोनवर बोलणं मला समोरासमोर बोलण्याहून कठीण जातं, आणि मेसेजवर तिने का म्हणून विचारलं असतं. मी रविवारी तिच्या घरी जायचं ठरवलं.

माझे पप्पा मनपाच्या बसवर कंडक्टर आहेत. दिवसभर स्टॉपची नावं पुकारणं हे त्यांचं काम, आणि त्यांचा आवाज असा की मागच्या दारातल्या माणसालाही ऐकू जातो. रविवारी त्यांची ड्यूटी डोंगरीच्या बाजूला लागली असेल हे मला माहीत नव्हतं. मी खिडकीशी बसले, बस सुटली आणि मशीन गळ्यात घालून पप्पाच पुढून येताना दिसले. मला बघून ते हसले. मग इतर पॅसेंजरांसारखंच मला विचारलं, "हां मॅडम, कुठे?"

शेजारी एक म्हातारी बसली होती, समोर दोन कॉलेजची मुलं उभी होती. मी म्हणायला गेले, 'ड' अडला. मी प्रयत्न करत होते. एक सेकंद, दोन सेकंद. मला वाटत होतं आणखी जरा थांबले असते तर आलं असतं.

"डोंगरी," पप्पा म्हणाले, तिकीट काढलं आणि माझ्या हातात देऊन पुढे गेले.

म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली, जशी आपण आजारी लेकराकडे बघून हलवतो. आजवर पप्पांनी माझे शेकडो शब्द असे पूर्ण केले होते. दुकानात, अॅडमिशनच्या खिडकीवर, नातेवाइकांत. प्रत्येक वेळी मला हायसं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. मी बाहेर बघत राहिले.

डोंगरीला उतरून विचारत विचारत तिच्या घरी पोचले. ती घरामागच्या वाडीत आईबरोबर भेंडी तोडत होती. मला बघून तिने हातातली टोपली खाली ठेवली.

"ये ना. आई, ही माझ्या वर्गातली. हुशार हाय ती." मग माझ्याकडे वळून, "काय गं, काय झालं?"

तिची आई पाणी आणायला आत गेली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "तू स्पिन घे. मी उद्या येणार नाहीये. आजारी आहे."

"आजारी?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आज इथवर आलीस आन् उद्या आजारी पडनार? आधीच ठरवून?"

मी पर्स उघडून सर्टिफिकेट दाखवलं. तिने ते वाचलं आणि परत दिलं. परत भेंडी तोडायला लागली. तिचं न बोलणं मला सहन होईना. मी तिच्या शेजारच्या ओळीत शिरले, दोन भेंड्या तोडल्या आणि मग म्हणाले, "मला बोलता येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. आईलाही नाही.

"ते ठाऊक हाय आम्हाला," ती म्हणाली.

"कोणाला?"

"सगल्यांना."

माझे हात थांबले. "सगळ्यांना म्हणजे?"

"वर्गाला. पहिल्या वर्षापासून. तुला कटलेट आवडतंय आन् तू रोज कॅन्टीनला समोसा मागतेस. माझ्या प्लेटमधल्या कटलेटकडे कशी बघतेस ते मला दिसत न्हाय का?" ती हसत होती, पण वाईट हसत नव्हती. "आम्हाला वाटलं तुला लपवायचंय तर लपवू दे."

कानापासून मानेपर्यंत मला आग लागल्यासारखं झालं. दोन वर्षं मी एवढी मेहनत घेत होते. शब्द बदलत होते, खोकत होते, विचार करतेय असं दाखवत होते. आणि ते सगळे बसून बघत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळाले नाही, कारण तिची आई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती.

"तू नावाला अडकतेस ना?" आई आत गेल्यावर ती म्हणाली. "मग अडक. कोण काय करनार हाय? मॅडम घंटी वाजवतील, एवढंच. पण तू आली न्हाईस तर मॅडम विषय बदलून देनार न्हाईत, आन् मी जर उद्या टनेलिंगवर बोलले, तर आपल्या दोघींचंही वाटोलं होनार. मला त्यातलं एक अक्षर येत न्हाय."

मी विचार केला नाही. विचार केला असता तर नाही म्हटलं असतं. तिथेच वाडीत उभं राहून आम्ही मॅडमना मेसेज केला, दोघींना विषय बदलून हवेत म्हणून. दोन मिनिटांत उत्तर आलं. ठीक आहे, पण उद्याच, रोल नंबरप्रमाणे. मी सर्टिफिकेटचे चार तुकडे केले, धैर्य आलं म्हणून नाही, तर ते पर्समध्ये राहिलं तर मी वापरेन हे मला पक्कं माहीत होतं म्हणून. तिने ते तुकडे चुलीत टाकले.

परतीला पप्पांचीच बस फिरून आली. रविवारची दुपार, आत पाच-सहाच माणसं. तिकिटं देऊन झाल्यावर पप्पा माझ्या शेजारी येऊन बसले.

"मैत्रिणीकडे आली होतीस?"

"हो." मग मी म्हणाले, "मघाशी माझं तिकीट मी सांगणार होते."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. "अगं, माणसं बघत होती."

"बघू देत ना, पप्पा."

ते मशीनच्या पट्ट्याशी खेळत बसले. मला वाटत होतं त्यांना माझी लाज वाटते. लहानपणापासून मला तेच वाटायचं, एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला अशी मुलगी झाली म्हणून. ते माझ्याकडे न बघता बोलले. "तुला माहीत नाही मला काय होतं ते. तू चार वर्षांची होतीस, पहिल्यांदा अशी अडकलीस. तोंड उघडं, आवाज नाही, चेहरा लाल. मला वाटलं घशात काही गेलं. मी तुला उलटी धरून पाठीवर मारलं. तू रडायला लागलीस तेव्हा माझ्या जिवात जीव आला. अजून तसंच होतं. तू थांबलीस की मला वाटतं तुझा श्वास परत येणारच नाही. मी बोलतो ते लोकांसाठी नाही बोलत."

एवढी वर्षं मी एकटीच घाबरतेय असं धरून चालले होते.

"श्वास येतो, पप्पा," मी म्हणाले. "वेळ लागतो. तुम्ही थांबत जा."

"प्रयत्न करतो," ते म्हणाले. पुढचा स्टॉप आला तसे उठले आणि त्याचं नाव पुकारलं. आवाज जरा बसलेला होता.

सोमवारी माझा नंबर नववा होता. आठ जण बोलत होते तोवर मी एक शब्दही ऐकला नाही. पेनड्राइव्ह हातातून निसटून दोनदा खाली पडला. नंबर आला. मी पुढे गेले, वर्गाकडे तोंड केलं आणि "गुड मॉर्निंग" म्हणाले. तेवढं आलं. मग "माय नेम इज."

आणि बंद.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पंखा फिरत होता. पहिल्या बाकावरच्या मुलाने पायाची हालचाल थांबवली. माझी मान ताणली गेलीय, ओठ वाकडे झालेत, हे मला आतून कळत होतं. कोणीतरी खोकलं. मॅडम खुर्चीत पुढे झुकल्या, त्यांचे ओठ हलले, त्या माझं नाव घेणार होत्या. मी हात वर केला. का केला मला माहीत नाही. शाळेत हजेरीला करायचे तसाच वर गेला असेल, पण त्या थांबल्या. आणि मग नाव आलं. चांगलं नाही आलं, धक्का मारून बाहेर पडल्यासारखं आलं, शेवटचं अक्षर तर ओरडल्यासारखं. पण आलं.

त्यापुढे मी टनेलिंगवर बोलले. त्या शब्दावर प्रत्येक वेळी अडकले, आणि तो प्रत्येक स्लाइडवर होता. गणिताच्या स्लाइडला मी फळ्याकडे वळून लिहीत बोलायला लागले तेव्हा थोडा वेळ बरं गेलं. भीती गेली नाही. लोक म्हणतात एकदा सुरू केलं की भीती जाते. माझी नाही गेली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत होती. तिसरी स्लाइड संपता संपता मॅडमनी घंटी वाजवली, सगळ्यांसाठी वाजवली होती तशीच. दोन स्लाइड राहिल्या.

"प्रश्न?" मॅडम म्हणाल्या. मी मनात म्हणत होते, नको, कोणी नको. मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. "मग आपण भिंतीतून का जात नाही?"

वर्ग हसला. त्याने चेष्टा म्हणून विचारलं असेल. पण तो प्रश्न माझ्या राहिलेल्या चौथ्या स्लाइडवरच होता. मी सांगितलं, वस्तुमान वाढलं की शक्यता किती झपाट्याने उतरते, आणि माणसाच्या बाबतीत ती शून्य नसते तरी विश्वाच्या वयाइतकी वाट बघितली तरी पुरणार नाही. दोनदा अडकले. तो थांबला. उत्तर संपल्यावर त्याने ते वहीत लिहून घेतलं, हे मी बघितलं.

डोंगरीची मुलगी माझ्यानंतर चौथी. तिच्या पहिल्या स्लाइडवर मामाच्या मशीनचा फोटो होता. तो बघून ती जी विसरली ती पूर्ण विसरली, मिनिटभर नुसती उभी, आणि मग मोठ्याने म्हणाली, "मॅडम, सगलं गेलं." सगळे हसले, तीही हसली, मग आठवलं आणि छान बोलली. जागेवर येऊन बसली तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा गार होता.

मला दहापैकी सहा मिळाले. वेळेचे दोन कापले, राहिलेल्या स्लाइडचे दोन. तास संपल्यावर मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं आणि मी परत घाबरले.

"वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असते," त्या म्हणाल्या. "बाहेरचे परीक्षक येतात. मी त्यांना आधीच तुझ्याबद्दल सांगून ठेवू का?"

ही मदत होती आणि मला ती हवीही होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं. 'ह' माझं चांगलं अक्षर. पण मी म्हणाले, "नको. मी... सांगेन. मीच."

"नक्की?"

मी मान डोलावली आणि बाहेर आले. जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं, आता ते मलाच सांगावं लागणार होतं.

आणि लागलंही. परीक्षेच्या दिवशी टेबलापलीकडे दोन अनोळखी माणसं होती. मी खुर्चीत बसले आणि नावाच्याही आधी म्हणाले, "सर, मी अडकते. मला थोडा वेळ लागेल." एकाने घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्याने पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घालून मागे टेकून बसला.